संभाव्याचे शिक्षण : जबलपूर, अभिकल्पशिक्षणाची परंपरा आणि मराठीतील पर्यायकल्पना

१. प्रश्नाची मांडणी

गेल्या दोन दशकांत विद्यापीठीय अभिकल्पशिक्षणात एका वेगळ्या अध्यापनपद्धतीने स्थान मिळवले आहे. इंग्रजीत तिला 'स्पेक्युलेटिव्ह डिझाइन' म्हणतात. या पद्धतीत विद्यार्थ्याला एखादी वस्तू अधिक सोयीची, स्वस्त किंवा देखणी करून दाखवायची नसते. अद्याप अस्तित्वात नसलेल्या, परंतु अशक्य नसलेल्या एखाद्या जगाची कल्पना करायची आणि त्या जगातील एखादी वस्तू, कागदपत्र, जाहिरात अथवा खोली आजच्या प्रेक्षकापुढे ठेवायची, असे तिचे स्वरूप आहे. वस्तू येथे विक्रीसाठी नसून प्रश्न उपस्थित करण्यासाठी असते. साहित्याच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया अपरिचित वाटण्याचे कारण नाही. 'असे झाले असते तर' आणि 'असे झाले तर' ही कथनाची जुनीच सूत्रे आहेत. ती कारखान्याच्या व कार्यशाळेच्या भाषेत कशी आली आणि आल्यावर त्यांचे काय झाले, हा तौलनिक अभ्यासाचा विषय होऊ शकतो.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार जबलपूर हे स्थान समोर ठेवून केला आहे. या निवडीला दोन कारणे आहेत. एक तर, ज्या केंद्रीय संस्थेच्या नावातच 'अभिकल्प' आणि 'निर्मिती' हे दोन्ही शब्द आहेत अशी संस्था या शहरात २००५ पासून आहे. दुसरे असे की, मराठी आणि हिंदी या दोन भाषाव्यवहारांच्या सीमेवरील या शहराचा गेल्या दोन शतकांचा इतिहास म्हणजे इतरांनी आखून दिलेल्या भविष्यांचा इतिहास आहे. संभाव्याची कल्पना करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न येथे तात्त्विक राहत नाही.

संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. 'स्पेक्युलेशन' या शब्दाला मराठीत जे प्रतिशब्द मिळतात ते परस्परांपासून फार दूर आहेत. बाजारात तो 'सट्टा' होतो, बोलण्यात 'अटकळ', तत्त्वचर्चेत 'चिंतन', आणि ज्योतिष्याच्या सान्निध्यात 'भाकीत'. यांपैकी एकही शब्द या अध्यापनपद्धतीचा पूर्ण अर्थ देत नाही. मात्र चारही शब्दांची छाया तिच्यावर आहे. येथे 'संभाव्यलक्षी अभिकल्प' ही संज्ञा योजली आहे. 'संभाव्य' या शब्दात घडू शकणे आणि घडेलच असे नसणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, म्हणून ती त्यातल्या त्यात समर्पक वाटते.

२. जबलपूर : आखलेल्या भविष्यांचे शहर

अठराव्या शतकाच्या अखेरीस जबलपूरचा प्रदेश मराठ्यांच्या ताब्यात होता. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याची गोंड सत्ता संपुष्टात आणली आणि १७९८ मध्ये पेशव्यांकडून हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८१७ अखेर तो इंग्रजांकडे गेला. पुढे मध्य प्रांताच्या घडणीत नागपूर आणि जबलपूर एकाच शासनव्यवस्थेखाली राहिले. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेश राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा मिळाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरात आले. राज्य, न्यायालय, रेल्वे आणि संरक्षण कारखाने या चार वाटांनी आलेली मराठी कुटुंबे शहरात स्थिरावली, परंतु शासनाच्या भाषेतून मराठी मागे पडली. आज गोरखपूरसारख्या गजबजलेल्या बाजारवस्तीत दुकानांच्या पाट्या हिंदीत आणि इंग्रजीत असतात. मराठी असलीच तर घरातली आणि मंडळातली भाषा म्हणून उरते.

या शहरातील वस्तुनिर्मितीच्या शिक्षणाचा आरंभ मात्र वेगळ्याच संदर्भात झाला. ठगांच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या खात्याचे प्रमुख विल्यम स्लीमन यांचे मुख्य ठाणे जबलपूर होते. १८३७ मध्ये येथे 'स्कूल ऑफ इंडस्ट्री' स्थापन झाली. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची कुटुंबे यांना तेथे तंबू, सतरंज्या, गालिचे व कापड तयार करण्याचे काम शिकवले जाई. हे साक्षीदार शिक्षेतून वाचले होते, पण मुक्त झालेले नव्हते. त्यांच्या मुलांचे आयुष्य कसे असावे, त्यांनी कोणती वस्तू विणावी आणि कोठे राहावे, याचा आराखडा दुसऱ्याच्या हाती होता.

साहित्याच्या दृष्टीने या घटनेला एक उल्लेखनीय जोड आहे. स्लीमन यांनी ठगांच्या गुप्त बोलीचा कोश 'रामसीआना' या नावाने १८३६ मध्ये प्रसिद्ध केला. १८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलर यांची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लंडनमध्ये आली. म्हणजे चार वर्षांच्या अवधीत एका समूहाची भाषा कोशात, त्याचे गतायुष्य कादंबरीत आणि त्याचे भविष्य कार्यशाळेत बंदिस्त झाले. या तिन्ही कृतींचे कर्तृत्व त्या समूहाबाहेरचे होते. शिक्षणाद्वारे भविष्य घडवण्याच्या कल्पनेचा हा जबलपुरातील पहिला ठळक दाखला असून त्यात 'संभाव्य' या शब्दाला जागाच नव्हती. होते ते फक्त 'निश्चित'.

विसाव्या शतकातील जबलपूर हे कारखान्यांचे शहर आहे. तोफगाडे बनवणारा कारखाना १९०४ मधील, खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धकाळातील, तर लष्करी वाहनांचा कारखाना १९६९ मधील. 'शक्तिमान' मालमोटार आणि 'जोंगा' हे वाहन याच शहराचे. 'जोंगा' हे नावच जबलपूरच्या आयुधनिर्मितीशी जोडलेल्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून तयार झाले. अशा कारखान्यांची शिस्त आरेखनाचे तंतोतंत पालन करण्याची असते. सूक्ष्म मापातली चूकही येथे जिवावर बेतू शकते. 'दुसरे काय असू शकेल' हा प्रश्न त्या शिस्तीत बसत नाही, आणि तो बसू नये हेच योग्य आहे. परंतु पिढ्यानपिढ्या अशाच शिस्तीत वाढलेल्या शहरात नव्या प्रकारचे अभिकल्पशिक्षण आले तेव्हा त्याला या संस्कारांशी सामना करावा लागणार होता, हे ध्यानात घ्यावे लागते.

२००५ मध्ये केंद्र शासनाने स्थापन केलेल्या आणि आता पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांचे नाव धारण करणाऱ्या भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्प व निर्मिती संस्थेचा परिसर शहराबाहेर डुमना येथे आहे. २०१४ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. संगणक, इलेक्ट्रॉनिक्स आणि यांत्रिकी या शाखांच्या शेजारी अभिकल्प ही स्वतंत्र ज्ञानशाखा तेथे शिकवली जाते. या शेजाराला महत्त्व आहे. कलाशाळेत वाढलेला अभिकल्प आणि अभियांत्रिकीच्या अंगणात वाढलेला अभिकल्प यांची प्रश्न विचारण्याची रीत एक नसते. या दुसऱ्या परंपरेचे मूळ मुंबईत सापडते.

३. गरजेचे व्याकरण

महाराष्ट्रातील आधुनिक वस्तुकल्पनेच्या इतिहासात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरण आरंभी येते. चित्रकलेसाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. रंगांधत्वामुळे चित्रकला सुटली, पण यांत्रिक आरेखन टिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी तेच शिकवले. त्यांच्या लोखंडी नांगराला शेतकऱ्यांनी प्रथम विरोध केला. लोखंडाने जमीन नासेल ही भीती त्यामागे होती. नव्या वस्तूबरोबर नवे जगही स्वीकारावे लागते, हे त्या विरोधाने दाखवून दिले. नांगर विकण्यापूर्वी नांगराचे भविष्य पटवून द्यावे लागले.

स्वातंत्र्योत्तर अभिकल्पशिक्षणाचा पाया १९५८ च्या एप्रिलमधील चार्ल्स व रे ईम्स यांच्या 'इंडिया रिपोर्ट'ने घातला. त्यातील लोट्याचे विवेचन प्रसिद्ध आहे. लोट्याचे आकारमान, तोल, ओतण्याची धार, तळहातात बसणे, डोक्यावर वा कमरेवर वाहणे, धातूची किंमत, मोडीत निघाल्यावरचे मोल असे अनेक प्रश्न ईम्स दांपत्याने उभे केले. लोटा कोणा एका व्यक्तीने घडवला नसून अनेक पिढ्यांनी घडवला, हे त्याचे सार होते. अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ मध्ये याच अहवालाच्या प्रेरणेतून उभी राहिली. मात्र हा दृष्टिकोन मुळात पश्चाद्दर्शी होता. लोट्यापर्यंत आपण कसे आलो याचे उत्तर तो देतो. लोट्यानंतर काय, नळ आल्यावर काय, नळ कोरडा पडल्यावर काय, हे प्रश्न त्याच्या कक्षेत पूर्णपणे येत नाहीत.

१९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. त्याच्या उभारणीत अग्रभागी असलेले सुधाकर नाडकर्णी जर्मनीतील उल्म येथील अभिकल्पशाळेत शिकलेले होते. उल्मची शाळा १९५३ ते १९६८ अशी पंधरा वर्षेच चालली, पण वस्तूचा विचार पद्धतशीरपणे, समाजाच्या गरजेपासून सुरू करावा ही तिची शिकवण पवईत रुजली. व्हिक्टर पापानेक यांचे 'डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड' हे पुस्तक १९७१ मधले, आणि विकासासाठी औद्योगिक अभिकल्प या विषयावरील अहमदाबाद जाहीरनामा १९७९ मधला. या सर्वांचे एकत्रित व्याकरण 'गरज' या एका पदाभोवती फिरते. दुष्काळ, निवारा, पाणी, वाहतूक असे तातडीचे प्रश्न समोर असलेल्या देशात ते स्वाभाविक होते, आणि त्या व्याकरणाने दिलेले योगदान मोठे आहे. परंतु गरज ही वर्तमानाची मोजणी असते. उद्याची गरज कोणती असावी आणि कोणती नसावी, यावर वाद घालण्याची रीत त्यातून मिळत नाही.

याच केंद्रात दोन कामे अशी झाली की ज्यांनी गरजेच्या या व्याकरणापलीकडे पाहिले. उदय आठवणकर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभिकल्पकाला डोळ्यांवर पट्टी बांधून, कागद-पेन्सिलीविना, केवळ मनात वस्तू घडवायला सांगितले होते. घडवत असताना त्याने मोठ्याने बोलत राहायचे होते. हातवारे आणि शब्द यांच्या आधाराने वस्तू उभी राहते, हे त्यातून दिसले. साहित्याच्या अभ्यासकाने याची नोंद घ्यावी, कारण येथे वस्तूआधी कथन येते. दुसरे काम र. कृ. जोशी यांचे. सुलेखनकार आणि मराठीतील दृश्यकवितेचे प्रयोग करणारे कवी असलेल्या जोशी यांनी १९८३ ते १९९६ या काळात पवईत अध्यापन केले. संगणकावरील 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांचाच. मराठी कविता आणि अभिकल्पशिक्षण एकाच व्यक्तीच्या ठायी भेटल्याचे हे उदाहरण आहे. ही भेट लिपीच्या पातळीवर झाली. कथेच्या पातळीवर मात्र ती व्हावयाची राहिली.

४. मराठीतील पर्यायकल्पना : बखरीचे एक पान

ज्या दशकात पवईत गरजेचे व्याकरण स्थिर होत होते त्याच दशकात मराठी विज्ञानकथेने नवे वळण घेतले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे दिलेले होते. ते जयंत विष्णू नारळीकर होते. आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे टोपणनाव पर्यायी जगाची कथा लिहिणाऱ्याला शोभणारेच म्हटले पाहिजे. २०२५ मध्ये नारळीकरांचे निधन झाले. त्यांच्या विज्ञानकथांकडे मराठी समीक्षेने बहुधा विज्ञानप्रसाराचे साधन म्हणून पाहिले. त्यामुळे त्यांतील संभाव्यतेची रचना दुर्लक्षित राहिली.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जातात जेथे १७६१ च्या पानिपतात मराठे विजयी झाले आहेत. विश्वासरावांना लागावयाची गोळी कानाजवळून निघून गेली आहे. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. हा फरक कोठून पडला हे शोधण्यासाठी प्राध्यापक ग्रंथालयात जातात आणि स्वतःचेच ग्रंथ तपासतात. आपल्या जगात परतताना त्यांच्याजवळ बखरीचे एक पान राहते. या पानात आणि आपल्या जगातील त्याच पानात एका घटनेचा फरक आहे.

हे पान म्हणजे संभाव्यलक्षी अभिकल्पाच्या परिभाषेत 'कथान्तर्गत नमुना' आहे. विज्ञानपटांचे अभ्यासक डेव्हिड कर्बी यांनी २०१० मध्ये मांडलेली ही संकल्पना पुढे अभिकल्पक्षेत्राने उचलली. कल्पित जगातली एखादी वस्तू आपल्या हाती आली की त्या जगाविषयीचा अविश्वास काही काळ स्थगित होतो, असे तिचे तत्त्व. नारळीकरांच्या कथेत हे काम एखादे चमत्कृतिपूर्ण यंत्र करीत नाही. मराठी गद्याचा सर्वांत जुना ऐतिहासिक प्रकार, बखर, ते करतो. संभाव्याचा पुरावा भविष्यातून येत नाही, तो भूतकाळाच्या कागदातून येतो. पाश्चात्त्य उदाहरणांहून या कथेचे वेगळेपण येथे आहे.

या कथेचे 'द अ‍ॅडव्हेंचर' हे इंग्रजी रूप २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले. त्यामुळे मराठी न येणाऱ्या, हिंदी प्रदेशातल्या असंख्य विद्यार्थ्यांनी ती इंग्रजीत वाचली. जबलपुरातील वाचकाच्या दृष्टीने तिला आणखी एक अर्थ आहे. पानिपताचा निकाल वेगळा असता तर १७८१, १७९८ आणि १८१७ या या शहराच्या इतिहासातील तिन्ही तारखा वेगळ्या झाल्या असत्या. कदाचित स्लीमनची कार्यशाळाही झाली नसती. तेव्हा ज्याला पर्यायी इतिहास म्हणतात तो येथे परक्या जगाविषयीचा नाही. मात्र तोही मराठ्यांच्या बाजूने कल्पिलेला पर्याय आहे; गढा-मंडल्याच्या गोंडांचा पर्याय त्यात येत नाही. कल्पनेलाही केंद्र आणि सीमा असतात.

५. लंडनची पद्धत आणि तिच्यावरील आक्षेप

संभाव्यलक्षी अभिकल्पाची शास्त्रशुद्ध मांडणी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये झाली. अँथनी डन यांनी १९९९ मध्ये 'हर्ट्झियन टेल्स'मधून चिकित्सक अभिकल्पाची कल्पना मांडली. पुढे त्यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासक्रमात, २०१५ पर्यंत, ती विकसित झाली आणि डन व फिओना रेबी यांच्या २०१३ मधील 'स्पेक्युलेटिव्ह एव्हरीथिंग' या ग्रंथाने ती जगभरच्या विद्यापीठांत पोहोचली. संभवनीय, शक्य, विश्वसनीय आणि इष्ट अशा भविष्यांचा शंकूच्या आकाराचा आराखडा आज बहुतेक वर्गांत फळ्यावर काढला जातो. अहमदाबादच्या राष्ट्रीय संस्थेत शिकलेल्या अनब जैन यांनी २००९ मध्ये जॉन आर्डर्न यांच्यासह लंडनमध्ये 'सुपरफ्लक्स' ही संस्था काढली. त्यांनी २०१७ मध्ये बार्सिलोनात २०५० मधील एका सदनिकेची प्रतिकृती उभारली होती. हवामानबदलाच्या काळात घरातच अन्न पिकवावे लागणारे ते घर होते.

या पद्धतीवरचा महत्त्वाचा आक्षेप २०१४ मध्ये लुइझा प्राडो आणि पेद्रो ऑलिव्हेरा या ब्राझिलियन अभ्यासकांनी घेतला. अन्नटंचाई आणि राज्याने ठरवून दिलेला शिधा यांचे भयकारी भविष्य रंगवणारा एक प्रकल्प न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या उपक्रमात मांडला गेला होता. त्यांचे म्हणणे असे की, एका समाजाला जे दूरचे दुःस्वप्न वाटते ते दुसऱ्या समाजाचे वर्तमान किंवा नुकताच गेलेला काळ असते. मराठी वाचकाला हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. शिधापत्रिका त्याच्या घरातल्या कपाटात असते. १९७२ च्या दुष्काळातील मिलो आणि सुकडी ही येथे भविष्यकथा नाही, आजी-आजोबांची आठवण आहे. त्याच दुष्काळाच्या अनुभवातून आलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. टंचाईच्या मुळाशी जाऊन नव्या सामाजिक व्यवस्थेची कल्पना करण्याचे ते उदाहरण कोणत्याही प्रदर्शनीय वस्तूपेक्षा मोठे आहे, पण अभिकल्पाच्या अभ्यासक्रमात ते अभिकल्प म्हणून क्वचितच वाचले जाते.

६. बरगी : कागदावरचे भविष्य

जबलपूरजवळच्या नर्मदेवरील बरगी धरणाचे उदाहरण या चर्चेला पूर्णत्व देते. १९७४ च्या सुमारास बांधकाम सुरू झालेले हे धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. नर्मदा खोऱ्यातील नियोजित मोठ्या धरणांपैकी सुरुवातीला पूर्ण झालेल्या धरणांत त्याचा समावेश होतो. नियोजनात बाधित गावांची संख्या १०१ होती. प्रत्यक्षात जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. पुनर्वसनासाठी दाखवलेल्या काही जागाही पाण्याखाली गेल्या.

साहित्याच्या दृष्टीने प्रकल्प-अहवाल हा भविष्यकाळात लिहिलेला गद्यप्रकार आहे. त्यात कथानक असते, पात्रे संख्यारूपात असतात आणि नकाशा हा त्याचा कथान्तर्गत नमुना असतो. १०१ आणि १६२ यांमधील ६१ गावे ही या गद्यप्रकाराची चूक म्हणून सोडून देता येत नाहीत, कारण कल्पना करणारा आणि त्या कल्पनेत राहावे लागणारा यांच्यातले अंतर ती मोजून दाखवतात. स्लीमनची कार्यशाळा आणि बरगीचा नकाशा यांच्यामध्ये दीड शतकाचे अंतर असले तरी कर्तृत्वाची रचना एकच आहे. अहवालाचा दावा निश्चिततेचा असतो. संभाव्यलक्षी अभिकल्पाचा दावा केवळ शक्यतेचा. म्हणून अशा अहवालांचे वाचन हा या विषयाच्या अध्यापनाचा पहिला धडा होऊ शकतो. नव्या वस्तू कल्पिण्याआधी विद्यार्थ्याने आपल्या परिसराविषयी यापूर्वी कल्पिली गेलेली भविष्ये वाचावीत, त्यांत कोणाची नावे आहेत आणि कोणाच्या केवळ संख्या आहेत हे पाहावे.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, भारतातील अभिकल्पशिक्षणाने गरजेचे व्याकरण परिश्रमपूर्वक उभे केले, आणि मराठी विज्ञानकथेने त्याच काळात संभाव्याचे कथनशास्त्र उभे केले. पण एक शिक्षणक्षेत्रात आणि दुसरे विज्ञानप्रसाराच्या खात्यात जमा झाल्यामुळे त्यांची अभ्यासक्रमात गाठ पडली नाही. संभाव्यलक्षी अभिकल्पाचे अध्यापन ही गाठ घालून देऊ शकते.

दुसरा निष्कर्ष भाषेचा आहे. आठवणकरांच्या अभ्यासाने दाखवल्याप्रमाणे वस्तू मनात घडताना ती बोलली जाते. मग ती कोणत्या भाषेत बोलली जाते हा प्रश्न गौण राहत नाही. घरी हिंदी, बुंदेली, गोंडी किंवा मराठी बोलणारा विद्यार्थी वर्गात इंग्रजीतून भविष्य कल्पितो तेव्हा त्या भविष्यातील स्वयंपाकघर, नातेसंबंध आणि बाजार हेही नकळत इंग्रजी होतात. गोरखपूरच्या बाजाराची २०५० मधील कल्पना त्या बाजारात ज्या भाषांत भाव केला जातो त्या भाषांत झाली, तर तिच्यातील माणसे आणि वस्तू वेगळ्या असतील.

तिसरा निष्कर्ष अधिकाराचा. जबलपुरात भविष्य नेहमीच आखले गेले, पण ते बहुधा शिकवले गेले नाही. म्हणजे ते अन्यथाही असू शकते हे सांगितले गेले नाही. नारळीकरांच्या कथेतील प्राध्यापक परत येतो तो एका पानासह. ते पान त्याला दुसरे जग मिळवून देत नाही. आपले जग एकमेव शक्य जग नव्हते, एवढेच ते सिद्ध करते. विद्यापीठातील संभाव्यलक्षी अभिकल्पाच्या शिक्षणाकडून याहून अधिक अपेक्षा करता येणार नाही, आणि याहून कमीही करू नये.